मिठाच्या राशीवरचे ओरखडे

प्रिय यज्ञेशदादा,

गेल्या रविवारी बाहेरच्या खोलीतलं मिठागराचं चित्र भिंतीवरून उतरवलं. रंगाचे पोपडे सुटायला लागले होते. जुनी तैलचित्रं दुरुस्त करणाऱ्या वैशाली म्हणून एक बाई आहेत, त्या मुंबईहून रोह्याला घरीच आल्या. ते काढणारे त्र्यंबकआजोबा पेणच्या मिठागरावर कारकून होते, चित्रकला कुणाकडे शिकले नाहीत, हे त्यांना खरंच वाटेना. म्हणाल्या, हे नुसतं निसर्गचित्र नव्हे, प्रतीकवादी आहे. खाडी, वर तांबूस आभाळ आणि मिठाच्या राशी म्हणजे डोक्यावरून पदर घेऊन पाठमोऱ्या बसलेल्या बायका. आपल्याला ते लहानपणीच कळलं होतं, शब्द ठाऊक नव्हता एवढंच.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या राशीवर बोट ठेवलं. "हे ओरखडे कुणी काढले?" मी तोंड उघडायच्या आत अंतरा हसत म्हणाली, "यज्ञेशमामाने! लहानपणी फार व्रात्य होता तो." माझ्या लेकीला हे माझ्याशिवाय कोण सांगणार? मी चहा ठेवायला आत गेले.

आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास, मी सात. मी रडायची थांबेना तेव्हा आत्याने चित्रातली ती कोपऱ्यातली बाई दाखवली. ती बघ, खाडीवर बसलीय तुझी आई. मी रोज तिच्याकडे बघायचे. ती काही वळायची नाही. एका दुपारी तुझ्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन स्टुलावर चढले आणि तिचा पदर खरवडायला लागले. पदराआड तोंड असेल असं वाटलं होतं. कापड निघालं.

कर्कटक तुझं, म्हणून अण्णांनी तुला मारलं. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि गप्प राहिलास. तुला कळलं होतं का, हे विचारायचा धीर मला आजवर झाला नाही. कामाला येणाऱ्या बायजाबाईने मात्र मला बघितलं होतं. मागच्या दारी हात धरून म्हणाली, "खरा काय ता सांग गो बापाला. पोराला धाडतील नाय तं." मी सांगितलं नाही. जूनमध्ये तुला पेणला काकांच्या घरी ठेवलं, शाळाही तिथलीच.

गडब गाव ओलांडलं की पेण, असं कितीसं लांब आहे? पण त्यानंतर तू या घरात पाहुण्यासारखाच आलास. संध्याकाळची एसटी कधी चुकवली नाहीस. अण्णा गेले त्या दिवशीही माणसांच्या मागे, दाराशी उभा होतास.

वैशालीबाई गेल्यावर अंतराला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मामाला सांगितलंस?" म्हणून हे पत्र. अण्णांना आता सांगता येत नाही. ते ओरखडे रंग भरून बुजवता येतील म्हणे, पण मी थांबवलंय. ते तू ठरव. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "जाऊ दे गं" म्हणाला असतास. तसं म्हणू नकोस, दादा. ये, आणि माझ्यावर रागाव.

तुझीच,
वृंदा