माकडांची वंशावळ आणि आपली

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होतील, मीही आता निवृत्त झाले, तरी परवा कपाटातून आपल्या घराण्याची छापील वंशावळ निघाली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या नावाखाली दादा आहे, त्याच्याखाली त्याचा मुलगा आहे, आणि माझ्या नि ताईच्या जागी छापलंय, ‘कन्या दोन’. आंब्याच्या पेट्यांवर लिहावं तसं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. परदेशातल्या प्रयोगशाळेतून मी मे महिन्यात रत्नागिरीला आले होते. तुम्ही शाळेतून नुकतेच निवृत्त होऊन गावोगाव हिंडत घराण्यातली नावं गोळा करत होता. स्वयंपाकघरात आई फणसाच्या आठळ्या सोलतेय, तुम्ही पाटावर बसून कागद पसरलेत, आणि मी सांगतेय की आम्हीही तेच करतो, फक्त दक्षिण अमेरिकेतल्या माकडांचं. बोटांना नख्या असलेली, खारीएवढी माकडं तिथली सगळ्यांत जुनी, असं लोक नुसत्या दिसण्यावरून धरून चालले होते. जनुकं तपासल्यावर ती मोठ्या माकडांच्याच कुळातली, मागाहून लहान झालेली, असं दिसू लागलं होतं. “दिसण्यावर जाऊच नये,” तुम्ही खूश होऊन म्हणालात. मग मी सांगितलं, की मी वाचते तो जनुकांचा भाग फक्त आईकडून येतो. मुलग्यांतही येतो, पण पुढे जातो तो लेकींकडूनच. तुम्ही चष्मा काढून हसलात. “माकडांत चालत असेल.”

त्या दुपारी तुमचं घोडं केळशीच्या शाखेवर अडलं होतं. आडनाव तेच, कुलदैवत तेच, पण त्या शाखेच्या मूळपुरुषाचा बाप कोण, ते काही केल्या सापडेना. हातातली आठळी न ठेवता आई म्हणाली, “बाप कशाला शोधताय? लेकीचा पोर तो. ती विधवा होऊन माहेरी आली, मामांनी त्याला आपलं नाव लावलंन. बायकांना सगळ्यांना ठाऊक हाय.” आणि तिने त्या लेकीचं नाव, तिच्या आईचं नाव, तिच्या बहिणींना खेडात कुठल्या घरी दिलं, हे सगळं घडाघडा सांगितलं. तुम्ही वर न बघता म्हणालात, “तू तुझं काम बघ. बायकांवरून वंश चालत नाही.”

पुस्तकात केळशीच्या शाखेवर टिंबं आहेत आणि खाली बारीक अक्षरात, ‘दुवा उपलब्ध नाही’. होता अण्णा, तुमच्यापासून दोन हातांवर बसला होता. पुरावा असेल तेच लिहा, म्हणून वर्गात छड्या मारणारे तुम्ही. एका बाईचं नाव लिहिण्यापेक्षा अख्खी शाखा लोंबकळत ठेवणं तुम्हाला सोपं वाटलं. मला वगळलंत ते एकवेळ सोडून देईन. पण आईला सगळं पाठ होतं, आणि तिला तुम्ही खोटंसुद्धा पाडलं नाहीत, नुसतं गप्प केलंत. माझ्या परदेशी जाण्यावरून तुम्ही आठ दिवस अबोला धरला होता, तेव्हा “पोरगी जाणार” एवढंच बोलून माझी बॅग भरणारी हीच बाई. तिची आठवण तुम्हाला कागदावर घेण्याच्या लायकीची वाटली नाही, याचा मला आजही संताप येतो.

हे पत्र मी दादाला वाचून दाखवणार होते. त्यालाही कळू दे, म्हणून सोबत न्यायला माझा प्रबंध माळ्यावरून काढला. आयांचा माग काढत काढत रचलेली माकडांची वंशावळ. पहिलं पान उघडलं, तर त्यावर मीच छापून घेतलंय, ‘तीर्थरूप अण्णांस’. मग आभाराची पानं वाचली, पुन्हा वाचली. प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराचे आभार आहेत. आईचं नाव कुठेच नाही, आणि ते मला आजवर खटकलंही नव्हतं.