ताई निवडणुकीला उभी राहते

ता. ४ फेब्रुवारी
चि. भाऊस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.
नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिले आहे. हसू नकोस. आपल्या गल्लीतली बस बंद झाल्यापासून आईचं बाहेर पडणंच संपलं. गुडघ्यांमुळे मोठ्या रस्त्यापर्यंत चालवत नाही. दिवसभर खिडकीशी बसते आणि माझ्या शिलाई मशीनशी बोलते. बससाठी नगरसेवकाकडे खेटे घालून चपला झिजल्या. शेवटी म्हटलं, आपणच तिथे जाऊन बसावं. पण झोप उडाली आहे रे. आधी धीर दे, मग चेष्टा कर.
लोभ आहे तो वाढव.
तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
उभी तू राहिलीस आणि धडकी मला भरली. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या वायद्यावर मत कोण देणार? माझ्या लग्नाचा कोट तू मला मुलगी झाल्यावर दिलास. आधी गल्लीचे अडकलेले कपडे देऊन टाक, मग बसचं वचन दे. आईला सांभाळ, स्वतःलाही.
लहान तोंडी मोठा घास घेतला, म्हणून माया पातळ करू नकोस.
तुझा भाऊ

ता. २ मार्च
चि. भाऊस,
अ. आ. वि. वि.
तुझं ऐकलं. कपाट रिकामं झालं. घरोघरी कपडे पोचवले आणि तिथेच मत मागितलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, असं माप दुसऱ्या कुणाला जमत नाही. सगळे खूश आहेत, तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. साधी सरळ शिवण काल दोनदा उसवली. उद्या मतदान. आई सकाळपासून बसचंच बोलते आहे.
आठवण ठेव, लोभही.
तुझी ताई

ता. १० मार्च
चि. भाऊस,
अ. आ. वि. वि.
पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी दारात कापडं घेऊन ही रांग! डॉक्टरीणबाई हसत म्हणाल्या की मी निवडून आले असते तर त्यांचे कपडे कुणी शिवले असते, म्हणून मत दुसऱ्याला दिलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. प्रेमानेच बुडवलं रे. रडू आलं, संतापही आला.
आईकडे बघवेना. ती मात्र शांत होती. म्हणाली की पुढच्या वेळी ती स्वतः उभी राहणार. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, त्यामुळे तिला घरी ठेवून कुणाचाच फायदा नाही.
लोभ असू दे. आता तो दोघींना लागेल.
तुझी ताई