मडगार्डची कड

अण्णा, तुम्ही ठोकून घडवलेली मागची मडगार्डं मी गेल्या आठवड्यात कापली. दोन्ही बाजूंची. आधी हेच लिहून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मूळ गोष्ट राहून जाईल. गाडी कोणती ते तुम्हाला सांगायला नको. एमआयडीसीतल्या प्रेस शॉपवाल्या शेठची ती जुनी अमेरिकन गाडी, दोन दारांची, लांबलचक बॉनेटची. भोसरीच्या आपल्या गल्लीत शिरली की समोरच्या चहावाल्याच्या कपबशा वाजायच्या. शेठ गेले, तुम्ही तर त्यांच्या किती आधी गेलात. आता गाडी त्यांच्या मुलाकडे आहे आणि गॅरेज माझ्याकडे. पाटी मात्र अजून तुमच्याच नावाची आहे.

मी लहान असताना गाडी पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा मागच्या मडगार्डांची गंजून चाळण झाली होती. तसला पत्रा इथे कुठून मिळणार? तुम्ही चिखलीच्या भंगारातून जाड पत्रा आणलात आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायला बसलात. मला अजून दिसतं : गॅरेजमागच्या खोलीत आई भाकरी थापते आहे, आणि तुम्ही चाकावरच्या कमानीचा पुठ्ठ्यातून कापलेला आकार डोळ्यांसमोर धरून जेवताय. आई म्हणते, "त्या पुठ्ठ्यालाच कालवण वाढू का?" तुमच्या कानावरही जात नाही. मग मला बाहेर नेता. "डोळं मीट. बोट फिरव कडंवरनं. अडकलं का कुठं?" मी म्हणते, न्हाई. तुम्ही स्वतः बोट फिरवता आणि पुन्हा हातोडा उचलता. मला असा राग येतो! वरून लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, एक थर भरला असता तर कधीच उरकलं असतं, पण पत्र्यावर लांबी थापणं म्हणजे तुमच्या लेखी काम न येणाऱ्याने तोंडाला फासलेली पावडर. एकदा मी त्याच मडगार्डाला सायकल टेकवली आणि बारीकसा चरा पडला. मी गप्प राहिले. तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणालात, "तुज्या हातनं झालंय तर तूच सांगायचं. मी इचारायची वाट बघायची न्हाई."

पण स्प्रिंगच्या पाट्यांच्या बाबतीत, अण्णा, तुमचं चुकलंच होतं. स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासतो म्हणून तुम्ही मागच्या पाट्यांत जीपचा एक पाटा जास्तीचा घातलात. गाडी मागून उचलली गेली, शेपूट वर केलेल्या मांजरासारखी. मागच्या सीटवर बसलेल्याचं डोकं छताला आपटायचं आणि मोशी येईपर्यंत कंबरडं मोडायचं. शेठ बिचारे तुमच्या भिडेखातर काही बोलले नाहीत. आता शेठच्या मुलाने गाडी माझ्याकडे कामाला दिली, तेव्हा ते पाटे काढताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही. नवे पाटे घातले, पुढच्या स्प्रिंग बदलल्या, कडकपणा कमीजास्त करता येणारे शॉकअप बसवले. गाडी खाली बसली, ऐटीत दिसायला लागली. मग मोठी, रुंद चाकं चढवून पाहिली, तर मागचा टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासायला लागला. दोनच वाटा होत्या. चाक थोडं अरुंद घ्यायचं, नाहीतर कड कापायची. मी ग्राइंडर उचलला. ठिणग्या उडाल्या, तुम्ही मारलेल्या रेड ऑक्साईडचा करपट वास आला आणि पत्र्याची पट्टी गळून खाली पडली. मी न थांबता दुसऱ्या बाजूला वळले, आणि तेच मला खातंय.

पाट्यांच्या टोकांना असलेल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत, चाकं जमिनीवर आणि माणसं आत बसल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर पिळवटून फाटतं, ही तुमची पद्धत मी सोडलेली नाही. तुम्ही तर कुणाचीही गाडी असो, घरचीच माणसं बसवायचात, आईला पिठाच्या हातांनी ओढून आणायचात. म्हणून मीही तिलाच बोलावलं. गुडघे धरत आली. मी गाडीखालच्या खड्ड्यात पाना घेऊन उभी. गाडीला वळसा घालताना आधारासाठी तिने मडगार्डवर हात ठेवला, आणि तिची बोटं कडेखाली गेली.

"अगं, हितली कड कुठं गेली?"

"मालकाला रुंद चाकं पायजे होती, आई. लई हट्ट धरला त्यांनी."

खड्ड्यातून मला फक्त तिच्या चपला दिसत होत्या. ती म्हणाली, "त्येंची गाडी. तू तरी काय करणार." आत बसली आणि गाडी जराशी दबली. "आवळ आता. माजं गुडघं आखडत्यात." मी बोल्ट आवळले.

शेठचा मुलगा गाडी घेऊन कुरुळीपर्यंत जाऊन आला. रस्ता तुम्हाला माहीत आहे, ट्रक-कंटेनरनी फोडलेला. पण पोटातलं पाणी हललं नाही म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "ताई, तुमच्यात अण्णांचाच हात उतरलाय." सगळे हेच म्हणतात. कोणाचाही गिअरबॉक्स मी खोलून बांधला तरी हेच. मी चहा मागवला आणि हसले.

त्याने हट्ट धरलाच नव्हता, अण्णा. टायर घासतोय हे दाखवायला मी त्याला बोलावलं तेव्हा तो वाकून बघून म्हणाला होता, "ताई, अरुंद चाकं टाका ना. अण्णांचं काम आहे ते, राहू दे." मीच म्हणाले, अरुंद चाकं शोभणार नाहीत. शोभली असती, चांगली शोभली असती. पण त्या गाडीवर कुठेतरी माझा हात दिसावा असं मला फार वाटत होतं, आणि तुमचा पुसल्याशिवाय तो दिसला नसता.

काल आईने भाजी निवडता निवडता विचारलं, "एवढा कशापायी हट्ट केला गं त्येंनी?" मी म्हणाले, मोठ्या लोकांचं काय सांगावं. ती मालकावर चिडली आहे, आणि मी तिला चिडू देते आहे. हे सगळं तिच्यासमोर बसून बोलायचं सोडून तुम्हाला लिहीत बसले. कारण तुम्ही काही तिला सांगायला जाणार नाही.