लाल रंगातलं वाक्य

प्रिय सिदू,

सोमवारच्या बैठकीआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून दूधवाल्या पप्पूजवळ देतोय. गट ग्रामपंचायतीचे सरपंच तिथं आपल्या दोन्ही गावांच्या आशा सेविका संगीताला जाब विचारणार आहेत, असं कळलं. त्याआधी हे नीट वाच.

गेल्या मंगळवारी आमच्या आरोग्य आपत्ती कक्षाची तपासणी झाली. साथ आली तर आम्ही किती मिनिटांत हलतो, हे बघायला वरून पथक आलं होतं. मी सातवी पास, तुला ठाऊकच आहे. पण त्या खोलीतली वायर न् वायर मी ओढलीय, गावोगावच्या फोनची यादी माझ्या अक्षरात आहे. आजवर कुणाला तिच्यात खाडाखोड सापडली नाही.

पथकाच्या मॅडमनी घड्याळ लावलं. म्हणाल्या, धारूरच्या डोंगरात एका गावी उलट्या-जुलाब सुरू झालेत, दहा मिनिटांत फोनवरून गावात कोण कोण आहे ते काढा. चिठ्ठीत निघालं आपलंच गाव. यादी मी वैशाखात केलेली. आता ऐन मार्गशीर्षात माणसं उसाच्या फडात. मनकर्णा म्हणाली, "मी बेळगावाकडं हाय, भाऊ." धुळाजी कऱ्हाडला. संगीताचा फोन लागेना. मागं साहेबलोक उभे. सहा मिनिटं गेली. मग तुला लावला.

"काय बे, आज कशी आठवण झाली?" म्हणालास. मी एका दमात बोललो: गावात जुलाबाची साथ हाय, मागं कोण कोण राहिलंय? तू म्हणालास, "आई एकटीच हाय रं." तरी घरोघरचं सांगितलंस. अकरा म्हातारी माणसं, चार लेकरं, फोन कुणाजवळच न्हाई. आठ मिनिटं, वीस सेकंद. मॅडमनी शाबासकी दिली. मी चहा प्यालो, सिदू. तुला परत फोन केला नाही.

तू कोयता टाकून, ट्रकमागून ट्रक बदलत दीड दिवसात घर गाठलंस. म्हातारी दारात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. पारावर म्हणालास म्हणे, "अंगद खोटं बोलणार न्हाई. त्यालाच कुणीतरी खोटी खबर दिली." आजाराची खबर द्यायचं काम संगीताचं, म्हणून सगळ्यांचं बोट तिच्याकडं वळलं. आणि मी चार दिवस ते ऐकून घेतलं.

आमच्या फोनच्या वर, भिंतीवर, लाल रंगात मीच रंगवलेलं वाक्य आहे: आधी सांगा, हा सराव आहे. घाईत मी तेवढंच गाळलं. पथकाला आज लेखी कळवलंय, यादी वैशाखातली होती हेही. गुण कापू देत. संगीतानं कुणाला काहीच कळवलं नव्हतं. बैठकीत हे पत्र मोठ्यानं वाच, पण सुरुवात इथून कर: तो सराव होता. पत्रातसुद्धा मला ते पहिल्या ओळीत लिहिता आलं नाही.

तुझाच,
अंगद