दस्तऐवजाचं मागचं पान

त्या सकाळी मी नळाच्या दोन बादल्या भरल्या, तुळशीला पाणी घातलं, हरभऱ्याची डाळ भिजत टाकली आणि देवीच्या हाराला बसले. एकशे आठ जास्वंदी लागतात. साठाच्या आसपास ओवून झाल्या असतील, तेव्हा माझे धाकटे दीर हेरंब घोषाल कागद आणि शाईची डबी घेऊन दारात आले.

"बौदी, इथे अंगठा द्या. वाचायबिचायचं आम्ही बघतो."

त्या कागदामुळे हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी सरसीबाला घोषाल, कै. निशानाथ घोषाल यांची विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार कालीघाट, देवळामागची गल्ली. माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघ्यांखेरीज काही दुखत नाही, आणि कुणी सांगितलं म्हणून लिहीत नाही. मी शाळेत गेले नाही. अक्षरं पंचांगावरून आणि पेढ्यांच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. वाचता येतं हे घरात बोलले नाही, कारण कुणी विचारलं नाही.

१. पूजेचा हक्क. कालीमातेच्या पूजेचे दिवस आमच्या घराण्यात वाटलेले आहेत. त्यातले वर्षाचे तीन दिवस माझ्या नवऱ्याचे. बाई गाभाऱ्यात पूजा करत नाही. ती पुजारी नेमते, नैवेद्य रांधते. १९६७ साली हे गेले तेव्हा माझी मुलगी यूथिका चार वर्षांची होती. सासऱ्यांनी ते तीन दिवस माझ्या नावे लिहून दिले. दस्तऐवज हेरंबांनी सगळ्यांसमोर वाचला: विधवा सुनेने या घराबाहेर एक रात्रही काढू नये, काढल्यास हक्क जाईल. तेव्हापासून एकतीस वर्षं मी त्या घरातल्या माझ्या एका खोलीत झोपले. खिडकी एकच, तीही देवळाच्या भिंतीवर उघडणारी.

यूथिकेचं लग्न १९८५ साली झालं. सासर बेहाल्याला, बसने अर्ध्या तासावर. मी सकाळी जायची, दिवेलागणीला परतायची. १९८८ साली तिचं पहिलं बाळ आजारी पडलं.

"मा, आज राहा ना," ती म्हणाली.

"पूजेचा हक्क जाईल गं. तुझ्या बाबांच्या नावाचा आहे."

मी बस धरली. पहाटे बाळ गेलं. त्यानंतर यूथिकेने मला कधी राहा म्हटलेलं नाही. चहा देते, आणि बसची वेळ झाली की स्वतःच पिशवी आणून हातात ठेवते.

हेरंबांना माझा हक्क त्यांच्या मुलाच्या नावे हवा होता. अंगठ्याच्या कागदाला त्यांनी सासऱ्यांचा जुना दस्तऐवज जोडला होता. मला तो वाचता येईल हे त्यांच्या मनातही आलं नाही. हात ओले आहेत, ठेवून जा, असं मी सांगितलं. ते गेल्यावर दस्तऐवज वाचला. घराबाहेर रात्र न काढण्याचं वाक्य पहिल्या पानावर संपत नाही. मागे लिहिलं आहे: ही अट यूथिकेचं लग्न होईपर्यंतच, पुढे सून मोकळी आहे, कुठेही राहो, हक्क तिचाच, हवा त्याला देवो.

मी तीनदा वाचलं. बाळ गेलं तेव्हा मला मोकळी होऊन तीन वर्षं झाली होती.

म्हणून हे तीन दिवस मी यूथिकेला देते. तिने कुठे राहावं, कुठे झोपावं, याची कसलीही अट नाही. पुढे तिनेही कुणाला घालू नये.

२. खोली आणि बँकेतली शिल्लक यूथिकेची. पंचांगं एकतीस आहेत, ती हव्या त्याने न्यावीत.

३. मासे चिरायची माझी विळी जाऊबाई उमाशशी यांना. मी विधवा झाल्यावर मला मासे वर्ज्य झाले, तेव्हापासून ती त्यांनीच वापरली आहे. माझ्या दाराशी बसून हिलसा चिरताना म्हणायच्या, "वास घ्या दीदी, वासाला बंदी नाही." विळीला धार आहे. त्यांच्या जिभेइतकी नाही.

४. माझा चष्मा हेरंबांना. कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला असू शकतो.

५. कुठेही मेले तरी मला थेट स्मशानात न्यावं. रिवाजाप्रमाणे घोषालांच्या अंगणात टेकवू नये.

६. हेरंबांवर दावा लावू नये. त्या दुपारी ते कागद न्यायला आले, तेव्हा मी विचारलं, मागचं पान का वाचलं नाहीत?

ते म्हणाले, "इतकं जुनं कशाला उकरता, बौदी? तुम्हाला जायचं तरी कुठे होतं?"

त्यांचा कागद मी अंगठा न देता परत दिला. दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लावून मी यूथिकेकडे गेले, आणि रात्री तिथेच झोपले.

सही: सरसीबाला घोषाल (अंगठा नाही)

हे वाचून दाखवल्यावर आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार: निभाननी दे, शंखाच्या बांगड्यांचं दुकान, कालीघाट
साक्षीदार: डॉ. प्रद्योत सरखेल, बेहाला

स्थळ: बेहाला
दिनांक: १९ फेब्रुवारी १९९८