अंगणात पाय ठेवायचा नाही

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये तारा गुंडाळण्याचं काम केलेली, नवरा हयात नसलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे. धक्क्याने माणसाची शुद्ध हरपते म्हणतात. मला तर आत्ता कुठे ती आली आहे. माझ्या यकृतावर गाठ आहे. ती कशामुळे, हे डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

वारस एकच, माझी मुलगी. घरात तिला चिमणी म्हणतो. तिला दोन महिन्यांची मुलगी आहे.

कलम पहिलं, घर. घर चिमणीचं. मात्र अंगणातली माती खोलवर उपसून नेली जात नाही आणि माती तपासणारे "आता चालेल" असं लेखी देत नाहीत, तोवर तिने बाळाला घेऊन तिथे पाय ठेवायचा नाही. ती हट्टाला पेटली आहे. "आई, तू नसलीस तरी मी तिथेच येऊन राहणार. मी त्याच अंगणात रांगले, मला काय झालं?" चिमणे, तू तिथे रांगलीस, म्हणूनच तर हे लिहायला बसले.

कारणही लिहून ठेवते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये क्लोरीनचं एक तेल असायचं. ते पेट घ्यायचं नाही, वर्षानुवर्षं तापूनही बिघडायचं नाही. "या तेलाला मरण नाही," असं आमचे साहेब कौतुकाने सांगायचे. दुरुस्तीत काढलेलं तेल ते कामगारांना डबा भरून घरी न्यायला द्यायचे, बक्षीस म्हणून. आमच्या ओळीतलं एकही घर सुटलं नाही. कोणी गुडघ्यांना चोळलं, कोणी ढेकणांसाठी खाटेच्या फटीत सोडलं. आमचे हे अंगणात शिंपडायचे, धूळ बसावी म्हणून. बसायचीही. शेजारणी म्हणायच्या, "काय गं, अंगण आहे की फरशी?" मी फुलून जायचे.

त्याच अंगणात माझ्या कोंबड्या चरायच्या.

कलम दुसरं, कोंबड्या. त्या तपासणारे घेऊन गेले. रिकामं खुराडं कोणी जाळू नये. धुरातून ते तेल पुन्हा आपल्याच नाकातोंडात येईल, असं माती तपासणाऱ्या बाईंनी बजावलं आहे. वर्कशॉप बंद पडलं, जागा विकायला निघाली, तेव्हा आसपासची माती तपासायला त्या आल्या होत्या. आमच्या अंगणातली माती आणि थोडी अंडी घेऊन गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा दारातच थांबल्या.

"मावशी, ही अंडी कोण खातं?"

"माझी लेक. दिवस गेलेत तिला. मी एकही तोंडात घालत नाही, सगळी तिलाच पाठवते."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. चक्कर आली असेल वाटून मी पाण्याचा तांब्या उचलला. त्यांनी माझं मनगट धरलं. "बसा मावशी. तुम्हीच बसा." मग हळूहळू सांगितलं. ते तेल मातीत नासत नाही. किड्यांतून कोंबडीत, कोंबडीतून अंड्यात, अंड्यातून खाणाऱ्याच्या चरबीत जाऊन बसतं. पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. पुढे आईच्या दुधातही उतरतं.

पाण्याचा तांब्या अजून माझ्या हातात आहे, असं मला रोज वाटतं. वारसाहक्काची वाटणी मी कागद करण्याआधीच करून बसले होते, आणि तीही कौतुकाने, अंडी भुशात नीट गुंडाळून.

कलम तिसरं, माळ्यावरचा तेलाचा भरलेला डबा. हा साहेबांना द्यावा आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत ठेवावा, असं मी आधी लिहिलं होतं. वकीलताई म्हणाल्या, "अहो, विष कोणाच्या नावे करता येत नाही." साहेबांना ते आमच्या नावे बरं करता आलं होतं! असो. डबा न उघडता तपासणाऱ्यांच्या ताब्यात द्यावा.

कलम चौथं, माझ्या बांगड्या नातीला. सोनं धुऊन स्वच्छ होतं. मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं आहे.

कलम पाचवं, माझा देह. जाळण्यापूर्वी त्यातली हवी तेवढी चरबी तपासणाऱ्यांनी काढून घ्यावी. माझ्यात किती साठलं होतं हे चिमणीला आणि पुढे नातीला सांगावं, गोड करून सांगू नये. आमच्या ओळीतल्या बाकीच्या घरांनाही सांगावं.

कलम सहावं. काल चिमणी इथे आली होती. बाळ भुकेने रडत होतं आणि ही पदर घट्ट धरून बसलेली. "आई, पाजू की नको?" आज डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, पाजू दे. दुधातून बाळाला जे मिळतं ते जास्त मोलाचं आहे. मी म्हटलं, स्वतःच्या नातीला पाजू दिलं असतं? ते म्हणाले, हो.

तेव्हा चिमणे, या कलमासाठी मी मरेपर्यंत थांबायचं नाही. कागद हातात पडताच वाच आणि तिला जवळ घे.

साक्षीदार: १) समोरचा शिंपी, ज्याने मला दुकानामागची खोली राहायला दिली. २) मला तपासणारे डॉक्टर. चिमणीलाही सही करायची होती. वारसाला साक्षीदार होता येत नाही म्हणे.

सही: चिमणीची आई

ठिकाण: शिंप्याचं दुकान. समोर घर दिसतं.

तारीख: माती उपसायला माणसं येणार, त्याचा आदला दिवस.