खाडीकडची खोली

उमेश,

डहाणूहून बांधकामाच्या परवानगीचा कागद आणलाय, देव्हाऱ्यात ठेवलाय. मोजणीला आलेले साहेब म्हणाले, "खाडीकाठी तिवरांची संरक्षित झाडं आहेत, तिकडे भिंत नेता येणार नाही. खोली रस्त्याच्या बाजूला घ्या." तुला न विचारता मी हो म्हटलं. खोली लहान होईल, पण आईंना स्वयंपाकघरात झोपावं लागणार नाही. परवानगीआधीच तू खाडीकडे खणलेला पाया आम्ही दोघींनी सकाळी बुजवला. माती लोटताना आई चक्क गुणगुणत होत्या! आता आम्ही चिंचणीला विटा सांगायला जातोय. बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय, भात गरम कर. मी हो म्हटल्याच्या रागात दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीस, तर बोलू नकोस. पण आईंच्या खोलीची खिडकी कुठे हवी, ते या चिठ्ठीच्या मागे लिहून ठेव.

दक्षा